शेजारची लेन

“जरा सैल कर,” मी म्हणाले.

कुंदा माझ्या पायाशी बसून पोटरीला पट्टी गुंडाळत होती. मान खाली. ती गुंडाळतच राहिली आणि प्रत्येक वेढा आधीच्यापेक्षा घट्ट ओढत गेली. मी तिच्या खांद्यावर बोट टेकवलं. तिने वर पाहिलं.

“सैल कर.”

“मग आधी नाही का सांगायचं,” ती म्हणाली आणि वरचे दोन वेढे सोडून पुन्हा बांधले.

जानेवारीतली सकाळ होती. अकोल्याला थंडी पडते यावर बाहेरच्या माणसांचा विश्वास बसत नाही, पण त्या दिवशी आमच्या तोंडातून वाफा निघत होत्या. कृषी विद्यापीठाच्या मैदानावर मुरमाचा ट्रॅक पाणी मारून दाबलेला होता, त्यावर फक्कीने आखलेल्या सहा लेन. निवृत्त होईपर्यंत मी याच विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत माती तपासत होते. त्यामुळे पाय ठेवण्याआधी जमीन चिमटीत धरून पाहायची मला सवय. मुरूम छान बसला होता. घसरत नव्हता, रुतत नव्हता. पळायला याहून चांगली जमीन मिळाली नसती.

चाळिशीपुढच्या खेळाडूंच्या विदर्भ पातळीवरच्या स्पर्धा त्या वर्षी आमच्या गावात होत्या. आमचा गट पासष्टीपुढच्या बायकांचा, शर्यत शंभर मीटरची. याला आता बरीच वर्षं झाली.

“डॉक्टर शेवटी काय म्हणाले?” कुंदाने विचारलं.

“चालायला हरकत नाही म्हणाले.”

“आणि पळायला?”

“ते मी विचारलं नाही.”

ती हसली. “हुशार आहेस, शैले.”

खरं तर डॉक्टरांनी न विचारताच सांगितलं होतं. पंधरवड्यापूर्वी सरावात माझ्या डाव्या पोटरीत मागून कोणी दगड मारल्यासारखं झालं. मी वळून पाहिलं, तर मागे कोणी नव्हतं. स्नायू फाटला की असंच वाटतं, माणूस आधी दगड मारणाऱ्याला शोधतो, असं ते म्हणाले. पोटरी अर्धवट फाटलेली होती. उरलेली फाटायला एक झटका पुरेसा होता.

कुंदाने पट्टीचं टोक आत खोचलं आणि उठली नाही. माझ्या घोट्यावर हात ठेवून तशीच बसली.

“तू पळू नकोस,” ती म्हणाली. “नुसती लाइनीवर ये. दोन पावलं टाक आणि थांब. तेवढंच कर.”

इतक्या वर्षांत ती या विषयाच्या इतक्या जवळ कधी आली नव्हती.

कुंदा गावंडे मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होती. स्वतः तरुणपणी खो-खो खेळलेली. शाळा सुटली, नवरा गेला, मुलगा नोकरीसाठी हैदराबादला गेला, तरी तिच्या बोलण्यातून खो-खो गेला नाही. उठायला वेळ लावणाऱ्या माणसाला ती म्हणायची, “खो देऊ का?” आमची ओळख याच मैदानावर झाली. मी निवृत्तीनंतर डॉक्टरांच्या सांगण्यावरून सकाळी फेऱ्या मारायचे. एक दिवस ही मागून आली आणि म्हणाली, “चालता काय अशा वरातीत चालल्यासारख्या? पळा की!” महिनाभराने मी पळत होते. त्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही अमरावतीला पहिल्या शर्यतीत उतरलो. ती पहिली आली, मी शेवटून दुसरी.

तिला ऐकू येत नाही हे मला एका मुंगीमुळे कळलं. सरावाच्या वेळी मैदानावरचं कोणीतरी मागे उभं राहून आम्हाला टाळी वाजवून द्यायचं. एकदा आम्ही दोघी रेषेवर बसलेल्या, कंबर उचललेली, आणि टाळीच्या आधी माझ्या बोटाला मुंगी चावली. मी हात उचलला. कुंदा सुटली. बरंच पुढे जाऊन थांबली, वळली आणि ओरडली, “काय वं, तू का नाही पळालीस?”

टाळी वाजलीच नव्हती.

एकदा घडलं ते मी निष्कर्ष मानत नाही. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बोटं उचलली. ती सुटली. तिसऱ्या दिवशी टाळी वाजली तरी बोटं उचललीच नाहीत. ती बसून राहिली, माझ्या हाताकडे पाहत, पाय थरथरायला लागेपर्यंत. त्यानंतर मी प्रयोग थांबवला.

त्या दिवसापासून मी शक्य तिथे तिच्या शेजारची लेन मागून घ्यायचे आणि बंदूक वाजली की आधी हात उचलायचे, तिला स्वच्छ दिसेल असा. ती माझ्यापेक्षा निमिषभर मागे सुटायची आणि अर्ध्या वाटेच्या आत मला मागे टाकायची. मला ठाऊक आहे हे तिला ठाऊक होतं की नाही, ते मला ठाऊक नव्हतं. आम्ही त्याबद्दल बोललो नाही. एकदाच विषय निघाला, तोही दुसऱ्या कुणाचा. आमच्याबरोबर फेऱ्या मारणाऱ्या एका बाईंनी कानाला यंत्र लावलं होतं. त्या पुढे गेल्यावर कुंदा म्हणाली, “माझ्या आईला असंच मशीन लावून दिलं होतं. लावलं आणि दुसऱ्या महिन्यापासून घरात तिला कोणी काही विचारेना. आधी ओरडून का होईना, विचारायचे.”

आणि त्या सकाळी पराग आला होता. कुंदाचा मुलगा. गाडी लावून तो थर्मास घेऊन आमच्याकडे येत होता आणि त्याला पाहताच कुंदा घाईघाईने उठून उभी राहिली.

दिवाळीत पराग न कळवता आला होता. घराची बेल वाजवत राहिला, दार ठोठावत राहिला, शेवटी शेजाऱ्यांच्या भिंतीवरून उतरून मागच्या दाराने आत गेला. कुंदा स्वयंपाकघरात चकल्या तळत होती, दाराकडे पाठ करून. ‘मिक्सर चालू होता,’ तिने सांगितलं. मिक्सर फळीवर होता, पुसून ठेवलेला. पराग परत निघताना तिच्यासमोर बसून बोलला. एकटीने राहणं आता पुरे, घर भाड्याने देऊन टाकू, आमच्याकडे ये. कुंदा म्हणाली, “पळणाऱ्या बाईला कोण म्हातारी म्हणतं रे? ये एकदा आणि बघ.”

म्हणून तो आला होता.

“मावशी, तुम्ही या पायाने पळणार?” त्याने माझ्या पट्टीकडे पाहत विचारलं.

“पळणार नाही. उभी राहणार.”

“मग कशाला त्रास?”

“नाव दिलंय ना,” कुंदा मध्येच म्हणाली. तिला त्याचे ओठ दिसत होते. “नाव दिलं की उतरायचं. तू लहानपणी पोहण्याच्या शर्यतीत पाणी बघून रडायला लागलास तेव्हा काय केलं होतं मी?”

“ढकललं होतंस.”

“ढकललं नव्हतं. खो दिला होता.”

पराग हसला. चांगला मुलगा होता तो. आईच्या अंगावरचा स्वेटर नीट आहे का हे तो बोलता बोलता पाहत होता, माझ्यासाठी खुर्ची शोधत होता. त्याचा राग करता आला असता तर माझं काम सोपं झालं असतं.

लेनच्या चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा कुंदाला सहावी लेन आली, अगदी कडेची. मला दुसरी. पाचवी वर्ध्याच्या झाडेबाईंना आली होती.

“झाडेबाई, बदलता का? मला पाय दुखला तर बाहेर पडायला कडेची बरी.”

“मग सहावीच घ्या की, तीच कडेची.”

“सहावीत कुंदा आहे.”

“तुमचं जोडीचंच असतं बाई सगळं,” त्या म्हणाल्या आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली.

आम्ही सहा जणी होतो. स्टार्टर होते इंगळे सर, निवृत्त क्रीडाशिक्षक, पांढरी टोपी आणि हातात टिकल्यांचं पिस्तूल. ते आमच्या मागे, डाव्या अंगाला स्टुलावर चढले. कुंदाने चपला काढून कडेला ठेवल्या. बूट घालून तिला कधी पळता आलं नाही. गवतावर दोरीच्या पलीकडे पराग उभा होता. त्याने मोबाइल वर धरला होता.

“ऑन युअर मार्क!”

मी बसले. माझ्या पाठोपाठ कुंदा बसली. बाकीच्या चौघी उभ्याच राहिल्या. आमच्या वयात बहुतेक जणी उभ्यानेच सुटतात. बसून सुटायचं हा कुंदाचा हट्ट होता आणि म्हणून माझाही. मी उजव्या हाताची बोटं रेषेमागे टेकवली, थोडी तिच्या बाजूला सरकवून. तिने मान किंचित डावीकडे वळवली.

दोन पावलं. मी मनात घोकत होते. हात उचलायचा, दोन पावलं टाकायची, थांबायचं.

“सेट!”

मी कंबर उचलली. वजन डाव्या पायावर आलं आणि पोटरीत काहीतरी सुटलं. दुखणं नंतर आलं. आधी नुसतं जाणवलं की खालचा पाय आता माझा नाही. तोंडावर पडू नये म्हणून मी उजवा हात पुढे टाकला.

कुंदा सुटली.

पिस्तूल त्यानंतर वाजलं. इंगळे सरांचं बोट चापावर आवळलं गेलेलंच होतं. आणि लगेच दुसऱ्यांदा वाजलं. दोनदा वाजलं म्हणजे सुरुवात चुकली, परत फिरा. चौघी जणी दोन-चार पावलांवर थांबल्या. झाडेबाईंनी कपाळाला हात लावला.

कुंदा थांबली नाही.

मी मुरमावर आडवी होते, त्यामुळे मला ती खालून दिसली. मी तिला नेहमी मागून पळताना पाहिलेलं, पण माझ्या धापेतून, अर्धवट. असं निवांतपणे कधी पाहिलं नव्हतं. तिचे तळवे जमिनीला लागून लगेच सुटत होते. हात कोपरात वाकलेले, हलके. पांढरी वेणी पाठीवर एका लयीत डावी-उजवी होत होती. शंभर मीटर रिकाम्या ट्रॅकवर ती एकटी, आपल्याच लेनमधून, रेषेला स्पर्श न करता पळत गेली. पलीकडे फीत धरणाऱ्या मुलींनी फीत खाली टाकली होती. नसलेल्या फितीला तिने छाती पुढे केली आणि दोन्ही हात वर केले.

प्रेक्षकांत हशा पिकला. मग टाळ्या. हसणं वाईट नव्हतं, कौतुकाचं होतं.

पराग दोरीखालून आला आणि मला उचलून गवतावर, सहाव्या लेनच्या कडेला नेलं. त्याचा चेहरा फुलला होता. “आईचा जोर बघितलात का मावशी? थांबायलाच तयार नाही!” मग माझं तोंड पाहून तो भानावर आला. “फार लागलंय का?”

“बर्फ मिळतो का बघ,” मी म्हणाले.

इंगळे सर वाकून माझ्याशी बोलले. “मॅडम, सुरुवात तुमच्यामुळे चुकली. तुम्ही बाद.”

“हो.”

“गावंडेबाई तुमच्या हालचालीने सुटल्या. त्यांचा दोष नाही. त्यांना पुन्हा पळायची संधी आहे. थोडी विश्रांती देऊ आणि पुन्हा घेऊ.”

निर्णय अगदी न्याय्य होता. मी त्यात एकही चूक काढू शकले नाही.

“सर, मला पाचव्या लेनच्या रेषेवर बसू द्याल? नुसती बसते.”

“कशाला?”

पराग बर्फाची पिशवी घेऊन शेजारी उभा होता. त्याच्यासमोर कारण सांगण्यासारखं नव्हतं. “बाद झालेल्यांना ट्रॅकवर नाही बसता येत, मॅडम,” ते म्हणाले. आणि त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

“मग तिला मधल्या एखाद्या लेनमध्ये घ्या.”

“चिठ्ठ्या टाकल्यात. आधीच एक बदल तुमचा झालाय.”

कुंदा लांबून चालत आली. अर्ध्या वाटेवर तिचे हात खाली आले. रेषेमागे बाकीच्या चौघी उभ्याच आहेत हे तिला दिसलं असावं. ती माझ्याजवळ गवतावर टेकली. कपाळावर घामाने केस चिकटले होते.

“कशी गं पडलीस?”

“पाय गेला.”

“मला वाटलं, मी इतकी पुढे आहे की मागे कोणी दिसतच नाही.” ती थोडं हसली. “पुन्हा पळायचं आहे ना?”

मी तिची हनुवटी धरून तिचा चेहरा माझ्याकडे वळवला. पराग बर्फ सारखा करत होता, म्हणून आवाज न करता नुसते ओठ हलवले. *नको पळूस. दमले म्हण.*

तिने वाचलं. डोळे माझ्या ओठांवरून हलले नाहीत.

“पराग म्हणतो, परत बघायचंय,” ती मोठ्याने म्हणाली. “काय रे?”

“हो तर! या वेळी नीट शूटिंग करतो. मघाशी मी हसतच बसलो.”

ती माझ्या कानाशी वाकली. तिला हळू बोलता येत नसे. तिला वाटायचं ती हळू बोलते आहे. “त्याला वाटतंय, मी जोरात होते म्हणून थांबले नाही. वाटू दे. एवढं एकदा पार पडलं की तो निघून जाईल.” आणि मग, पाचव्या लेनकडे पाहत, “जमेल.”

परागने ते ऐकलं होतं की नाही, मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

कसं जमवणार होती, कोण जाणे. झाडेबाई आणि इतर उभ्याने सुटणार. जमिनीवर टेकलेली बोटं कुणाचीच नसणार. उभं राहून सुटली असती तर आजूबाजूच्या बायका तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसल्या असत्या. पण आयुष्यभराची सवय. “ऑन युअर मार्क”ला बाकीच्यांनी पाय सारखे केले, तशी ती सहाव्या लेनमध्ये खाली बसली. आम्ही तिच्या मागे, चार पावलांवर. तिचे तळवे मला दिसत होते, मुरमाने लाल झालेले.

तिने मान डावीकडे वळवली. नजर जमिनीवर, जिथे माझा हात असायचा तिथे. मी पडले तेव्हा तिथली फक्की पुसली गेली होती.

“सेट!”

तिने कंबर उचलली. बाकीच्या वाकल्या म्हणून उचलली असावी.

पिस्तूल वाजलं.

चौघी निघाल्या. कुंदा तशीच.

क्षणभर कुणाच्या काही लक्षात आलं नाही. सगळ्यांच्या नजरा पळणाऱ्यांवर होत्या. मग दोरीपलीकडून कुणीतरी ओरडलं, “अहो काकू, पळा!” पुन्हा हशा. दुसरा कुणी म्हणाला, “या वेळी थांबायचं मनावर घेतलंय.” पराग मोबाइल धरून उभा होता.

“आई!” तो म्हणाला.

ती हलली नाही.

“आई! अगं, पळ! आई!”

चार पावलांवरून तो पूर्ण घसा फोडून ओरडला. माझ्या कानात दडे बसले. कुंदाची वेणीसुद्धा हलली नाही. मैदानावरचा हशा हळूहळू थांबला. परागचा मोबाइल धरलेला हात खाली आला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली नाही. त्याला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर त्याला तिथेच मिळालं.

पुढे गेलेल्या बायका तिला कधी दिसल्या हे मला आजही सांगता येणार नाही. दिसल्या असणारच. माणूस इतका वेळ जमिनीकडे पाहू शकत नाही. पण दिसल्यावर उठणं म्हणजे सगळ्यांसमोर कबूल करणं. आणि न उठणं म्हणजेही तेच. ती मध्येच अडकली होती. तिचे दंड थरथरत होते, पाय थरथरत होते. सरावाच्या त्या तिसऱ्या दिवशी थरथरले होते तसेच.

इंगळे सर स्टुलावरून उतरत होते. त्यांच्या हातात पिस्तूल होतं आणि चेहऱ्यावर दया होती. ते तिच्यापर्यंत पोचून, वाकून, मोठ्याने, एकेक शब्द तोडून तिला काहीतरी समजावणार होते.

मी उठले. परागने मला धरायला हात पुढे केला, तो बाजूला सारला. डावा पाय टेकत नव्हता. चार पावलं मी उजव्या पायावर आणि एकदा गुडघ्यावर अशी गेले. तिच्या पाठीमागे पोचले आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळहात ठेवला. खो-खोत ठेवतात तसा, सपाट, थोडा जोर देऊन.

ती उठली नाही, सुटली. स्प्रिंग दाबून सोडावी तशी. माझा हात हवेत राहिला.

चौघी जणी तोवर फितीपाशी पोचून कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. कुंदा शंभर मीटर पळाली. मघासारखीच, हात हलके, लेन न सोडता. मैदानभर टाळ्या वाजत होत्या. पण या टाळ्या वेगळ्या होत्या. आजारातून उठून अंगणापर्यंत चालत आलेल्या माणसासाठी वाजवतात तशा. तिला त्या ऐकू येत नव्हत्या, ही त्या दिवशीची एकच बरी गोष्ट.

या वेळी तिने हात वर केले नाहीत.

पराग टाळ्या वाजवत नव्हता. तो गवतावर माझ्या शेजारी बसला होता.

“मी रोज फोन करायचो, मावशी,” तो म्हणाला. “रोज संध्याकाळी. तीच बोलत राहायची. सकाळी काय खाल्लं, पेरूला किती पेरू लागले, शेजारच्या मांजरीला पिल्लं झाली. मला एक शब्द बोलू द्यायची नाही. मला वाटायचं, मजेत आहे.”

बर्फाची पिशवी फुटून माझ्या पायाखाली ओल झाली होती.

त्याने आईला रागावलं नाही. गाडीत बसवताना तिच्या तळव्यांवरचा मुरूम स्वतःच्या रुमालाने झाडला. ती त्याला ते करू देत होती, खिडकीबाहेर पाहत. तेव्हाच मला कळलं की ठरलं आहे.

घर भाड्याने दिलं. पेरूच्या झाडासकट. भाडेकरू चांगले मिळाले असं पराग म्हणाला.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी कुंदा माझ्याकडे आली. कानामागे यंत्र होतं, कातडीच्या रंगाचं, नवं. डोक्यावरून पदर घ्यायची तिला कधीच सवय नव्हती. त्या दिवशी घेतला होता. मी पलंगावर, पाय उशीवर. आम्ही बरंच काही बोललो. हैदराबादच्या घराला लिफ्ट आहे. नातीला मराठी नीट येत नाही. खाली बाग आहे, पण फरशीची, पळण्याजोगी नाही. त्या सकाळचा विषय दोघींनीही काढला नाही. तो गेला महिनाभर निघालाच नव्हता.

बोलता बोलता तिने पदर खाली घेतला, यंत्र कानातून काढलं आणि चष्म्याशेजारी टेबलावर ठेवलं.

“खसखस वाजतं नुसतं,” ती म्हणाली. “दे, पट्टी सैल झालीय.”

ती माझ्या पायाशी बसली. जुनी पट्टी सोडली, मांडीवर गुंडाळून तिचा रोल केला आणि घोट्यापासून नव्याने बांधायला घेतली. मान खाली. हात नेहमीसारखे चालत होते.

“शैले,” वर न पाहता ती म्हणाली. “त्या दिवशी तू तोंडाने खो म्हणालीस का?”

“नाही.”

तिने ऐकलं नाही. पुढचा वेढा घेतला आणि वाट पाहत राहिली. मी पुढे वाकून तिच्या खांद्यावर बोट टेकवलं. तिने वर पाहिलं. मी मान हलवली. नाही.

“मग फाउल,” ती म्हणाली. “नुसता हात लावून खो होत नाही. मोठ्याने म्हणावा लागतो.”

माझ्याकडे ती थोडा वेळ पाहत राहिली. मग मान पुन्हा खाली गेली आणि ती पट्टी ओढत राहिली, प्रत्येक वेढा आधीच्यापेक्षा घट्ट. पाय ठणकायला लागला. मी सैल कर म्हटलं नाही.